नळी, साबण आणि सिस्टरचा शब्द



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक कर्जमागणी आली. रक्कम फार मोठी नव्हती, पंधरा हजार. सचिवताईंनी कारणाच्या रकान्यात "आजारपण" असं लिहिलं आणि पुढचं नाव घ्यायला लागल्या. पण मागणी करणारी बाई खाली मान घालून बसली होती, म्हणून अध्यक्षताईंनी विचारलं, "अगं, आत्याबाईंचं डायलिसिस तर सुरळीत चाललं होतं ना?"

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचं, चार तास मशीनवर झोपायचं, संध्याकाळी परत यायचं. रक्त बाहेर काढून, गाळून परत आत सोडायचं तर मोठी शीर लागते, म्हणून मानेत नळी बसवलेली. दीड महिना बरा गेला. मग एक दिवस मशीन लावून अर्धा तास होतो न होतो तोच आत्याबाईंना हुडहुडी भरली. दातावर दात आपटायला लागले, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, हा ताप किडनीचा नाही, नळीवाटे जंतू रक्तात गेलेत. नळी काढली, दहा दिवस दवाखान्यात ठेवून औषधं दिली आणि दुसऱ्या बाजूला नवी नळी घातली. ते पंधरा हजार या दहा दिवसांचे होते.

बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "बरं व्हायला जायचं तिथंच आजार लागतो म्हंजे नशीबच म्हणायचं." कुणी काही बोललं नाही. मग ती सून हळूच म्हणाली, "त्या दिवशी सिस्टरनं मोबाईल खाली ठेवला आन् तशाच हातानं नळीचं टोपण उघडलं. मला दिसलं होतं. पण आपण काय बोलायचं त्यांना?"

दवाखाना कुठला ते आम्ही सांगणार नाही. त्या दिवशीच्या त्याच हातानं जंतू गेले असं कुणी सिद्धही करू शकत नाही. घरी आंघोळीच्या वेळी मानेची पट्टी दोनदा भिजली होती, हेही तिनंच नंतर सांगितलं. पण "आपण काय बोलायचं" हे तिचं वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला होता. त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. दवाखान्यातल्या नळीचा आणि हात धुण्याचाही इतिहास असतो, हे तेव्हा कुणी शिकवलं नाही. तो आम्ही या निमित्तानं वाचला. आज तो तुम्हाला सांगायचा आहे.

आपली कातडी म्हणजे गावाभोवतीचं कुंपण. बाहेर कितीही जंतू असले तरी कुंपण धड आहे तोवर आत येत नाहीत. शिरेत नळी घातली की कुंपणाला खिंड पडते, आणि ती थेट रक्तात उघडते. मग नळी घालणाऱ्याच्या हातावरचे, रोग्याच्याच कातडीवरचे, किंवा टोपणावर बसलेले जंतू त्या वाटेनं आत शिरतात. रक्तात गेले की सगळ्या अंगात पसरतात.

शिरेतून पाणी देण्याची सुरुवात पटकीनं केली. १८३१-३२ साली इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पटकीची साथ आली होती. विल्यम ओ'शॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरनं रोग्यांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून जातात. (हेच ओ'शॉनेसी पुढे नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि आपल्या देशात तारायंत्राच्या तारा त्यांनीच टाकल्या. माणसं कुठून कुठं जातात बघा.) ते वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरातल्या थॉमस लाटा या डॉक्टरनं मीठ-पाणी थेट शिरेत सोडून पाहिलं. पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. नाडी लागत नव्हती, डोळे खोल गेलेले. अर्ध्या तासात ती बोलायला लागली. लाटा थकून दुसऱ्यावर सोपवून गेले, बाईला पुन्हा जुलाब लागले आणि काही तासांत ती गेली. पुढचे काही रोगी मात्र वाचले. तरी ही रीत तेव्हा मागं पडली. पाणी जंतुविरहित करून घ्यायचं असतं, सुई उकळायची असते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जंतूंमुळे आजार होतात हेच ठाऊक नव्हतं.

आता नळी थोडा वेळ बाजूला ठेवू आणि हातांकडे वळू, कारण हातांचा शोध आधी लागला. आणि तो लागला बाळंतिणींच्या मरणातून.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बायका बाळंतज्वरानं मरायच्या, सुईणींच्या विभागात चारच्या आसपास. भरतीचे वार ठरलेले असायचे, त्यामुळे कुठं जायचं हे बाईच्या हातात नसे. पण गावातल्या बायकांना फरक पक्का माहीत होता. पहिल्या विभागात घेऊ नका म्हणून त्या गुडघ्यावर बसून विनवण्या करायच्या. काही जणी मुद्दाम रस्त्यात बाळंत होऊन मग दवाखान्यात यायच्या, आणि त्या तुलनेनं कमी मरायच्या. डॉक्टर मंडळी मात्र हवेला दोष देत होती.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर पहिल्या विभागात कामाला होता. १८४७ साली त्याचे स्नेही कोलेच्का प्रेताची चिरफाड शिकवत असताना विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. काही दिवसांत ते गेले आणि त्यांची लक्षणं थेट बाळंतज्वराची होती. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर सकाळी प्रेतं तपासतात आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासतात. सुईणी प्रेतांना हात लावत नाहीत. त्यानं मे महिन्यात हुकूम काढला: विभागात शिरण्याआधी ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायचे. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती टीसीएल, त्याच जातीची पावडर. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास, जुलैमध्ये एकच्या आसपास.

एवढं झाल्यावर त्याची मिरवणूक निघायला हवी होती. निघाली नाही. आमच्या हातानं बायका मेल्या, हे कबूल करणं मोठ्या डॉक्टरांना जड गेलं. सेमेलवाइसही रागीट होता, पुढे पुढे तर विरोधकांना जाहीर पत्रांत खुनी म्हणायला लागला. त्याची नोकरी गेली. १८६५ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि दोन आठवड्यांत, वयाच्या ४७ व्या वर्षी, जखमेतून रक्तात जंतू पसरून तो मेला. आम्हाला मात्र त्याच्याइतक्याच त्या सुईणी आठवतात. त्यांच्या विभागात मरणं कमी का, हे इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलं होतं का, असा प्रश्न पडतो.

पुढे जंतूंमुळे रोग होतात हा शोध लागला, हात धुणं, अवजारं उकळणं पुस्तकात आलं. मग नळी परत आली.

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीचा डॉक्टर होता. शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेता येईल असं त्याला वाटत होतं. वरिष्ठांनी सक्त मनाई केली. निर्जंतुक अवजारांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या सिस्टरकडे होती. त्यानं तिला पटवलं. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्यानं तिला टेबलावर झोपवून हातपाय बांधले आणि तिची पाठ फिरताच, म्हणजे तिला दिसणार नाही अशा बेतानं, स्वतःच्याच हाताच्या शिरेत ६५ सेंटिमीटर नळी सरकवली. मग तिला सोडलं, दोघं जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेली आणि नळीचं टोक हृदयात असल्याचं चित्र काढलं. १९५६ मध्ये त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं. गेर्डाबाईंचं नाव त्या गोष्टीत फक्त गंमत म्हणून येतं.

खरा बदल त्यानंतर आला, आणि तो प्लास्टिकनं आणला. आधी सलाईन लोखंडी सुईनं द्यायचे. हात जरा हलला की सुई शिरेबाहेर, त्यामुळे बाटली संपली की सुई काढून टाकावी लागे. १९५० च्या सुमारास मऊ प्लास्टिकच्या नळ्या आल्या. १९५२ मध्ये गळ्याच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत नळी घालायची रीत फ्रेंच डॉक्टर ओबानियाक यांनी मांडली, १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी तारेवरून नळी सरकवायची युक्ती काढली. आता नळी दिवसचे दिवस आत राहू लागली. फार मोठी सोय झाली, लाखो जीव वाचले. आत्याबाईंचं डायलिसिस याच नळीवर चाललं होतं. पण खिंडही दिवसचे दिवस उघडी राहू लागली. नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. मोठमोठ्या दवाखान्यांतही डॉक्टर म्हणत, नळी आली की थोडाफार ताप यायचाच. मावशींच्या "नशीब" या शब्दाहून हे फार वेगळं नव्हतं.

आता येतो २००१ साली, अमेरिकेत, बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स या नामांकित दवाखान्यात. त्या वर्षी फेब्रुवारीत तिथं जोसी किंग नावाची दीड वर्षाची पोर गेली. आंघोळीच्या गरम पाण्यानं भाजली होती, बरी होत आली होती, घरी जायचे दिवस आले होते. तिला तहान लागत होती, ओलं फडकं तोंडात धरून चोखत होती. आई, सॉरेल किंग, सांगत होती की पोरीचं काहीतरी बिघडतंय. ऐकलं गेलं नाही. आईनं नको म्हटलं तरी गुंगीचं औषध दिलं आणि पोरीचं हृदय बंद पडलं. अंगातलं पाणी सुकल्यावर वर ते औषध पडलं होतं.  ही गोष्ट आम्ही सांगतो, कारण त्याच दवाखान्यात, त्याच वर्षी, पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरनं नळीच्या तापाला हात घातला आणि तिथंही प्रश्न हाच निघाला की कुणाचं ऐकायचं.

प्रोनोव्होस्ट अतिदक्षता विभागात काम करायचे. त्यांनी नवं औषध शोधलं नाही, नवं यंत्र आणलं नाही. सगळ्यांना माहीत असलेल्या पाच गोष्टी एका कागदावर लिहिल्या. साबणानं हात धुवा. रोग्याची कातडी क्लोरहेक्झिडिननं पुसा. टोपी, मास्क, निर्जंतुक झगा, हातमोजे घाला आणि रोग्याला पूर्ण निर्जंतुक चादरीनं झाका. शक्यतो जांघेच्या शिरेत नळी घालू नका. आणि गरज संपली की नळी काढून टाका. आपल्या गटाची पंचसूत्री आठवली ना? बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. त्यातली एकही गोष्ट अवघड नाही, आणि पाचही दर महिन्याला न चुकता करणारे गट किती आहेत ते आपल्याला माहीत आहे.

त्यांनी आधी सिस्टरांना सांगितलं, महिनाभर नुसतं बघा आणि टिपून ठेवा. निघालं काय, तर तीनातल्या एकाहून जास्त रोग्यांच्या वेळी डॉक्टरांनी एकतरी पायरी गाळली होती. जगातल्या नावाजलेल्या दवाखान्यात! मुद्दाम नव्हे. घाई, झोप, आणि सामान एका जागी नाही. नळी घालायची तर आठ ठिकाणांहून वस्तू गोळा कराव्या लागत. त्यांनी सगळं एका ढकलगाडीत ठेवलं. मिसळणाचा डबा हाताशी असला तर फोडणी करपत नाही, तेवढंच हे सोपं.

मग त्यांनी खरा डाव टाकला. दवाखान्याच्या वरिष्ठांकडून मंजुरी घेतली की डॉक्टरनं पायरी गाळली तर सिस्टरनं त्याला थांबवायचं. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांवर पहारा करणं आमचं काम नाही. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांसमोर सिस्टर आम्हाला टोकणार तर आमची किंमत काय राहिली? प्रोनोव्होस्टनी सिस्टरांना सांगितलं, कुणी ऐकलं नाही तर रात्री-अपरात्री मला फोन करा, मी तुमच्या पाठीशी आहे. एका वर्षात त्या विभागात दहा दिवस नळी असलेल्यांतलं तापाचं प्रमाण शंभरात ११ वरून शून्यावर आलं.

एका दवाखान्याचं काय, असं लोक म्हणाले. म्हणून हेच मिशिगन राज्यात शंभराहून जास्त अतिदक्षता विभागांत केलं. तिथं पहिल्यांदा कळलं की तीनातल्या एकाहूनही कमी विभागांत क्लोरहेक्झिडिन हजर असायचं. यादीत लिहून काय उपयोग? वरिष्ठांना ते आणून द्यावं लागलं. २००६ मध्ये निकाल छापून आला. यातला हिशेब असा करतात: दहा रोग्यांच्या अंगात शंभर-शंभर दिवस नळी राहिली तर ते झाले हजार नळी-दिवस. हजार दिवसांमागे सरासरी ७.७ ताप होते, ते दीड वर्षात १.४ वर आले.

पण इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. हीच यादी पुढे इंग्लंडमध्ये नेली. तिथं मेरी डिक्सन-वुड्स या अभ्यासक बाई आणि त्यांचे सहकारी अतिदक्षता विभागांत ठाण मांडून बसले आणि काय चालतं ते बघितलं. बऱ्याच ठिकाणी यादीनं फारसं काही बदललं नव्हतं. वरून आलेला आणखी एक कागद म्हणून तो भरला जात होता. बँकेची तपासणी आली की आदल्या रात्री सहा महिन्यांची इतिवृत्तं एकाच पेनानं लिहून काढणारे गट आम्ही पाहिलेत. त्यामुळे हे वाचून आम्हाला अजिबात नवल वाटलं नाही. आमचं मत विचाराल तर बाल्टिमोरमध्ये काम केलं ते कागदानं नाही. सिस्टरच्या "थांबा" या शब्दाला वजन आलं, त्यानं केलं.

आपल्याकडे? २००७ मध्ये सात भारतीय शहरांतल्या अतिदक्षता विभागांची पाहणी छापून आली. हजार नळी-दिवसांमागे जवळजवळ आठ ताप. म्हणजे मिशिगन जिथून निघालं साधारण तिथंच आपण होतो. आपल्या सिस्टरांची बाजूही समजून घ्या. एकीच्या वाट्याला किती रोगी असतात ते आपण डोळ्यांनी बघतो. बेसिनला पाणी नसतं, साबणाची वडी झिजून बोटाएवढी झालेली असते. तिला नुसतं टोकून भागत नाही.

आमच्या गटानं ते कर्ज मंजूर केलं. आणि त्या सुनेबरोबर आमच्यातल्या दोघी डायलिसिसच्या दिवशी गेल्या. भांडायला नाही. आम्ही मोठ्या सिस्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, आम्हाला नळी सांभाळायला शिकवा. घरी आमच्याकडून चूक व्हायला नको." त्या आधी जरा बिचकल्या. मग बसून सांगितलं. पट्टी कोरडी ठेवायची, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, मान वाचवून अंग पुसून घ्यायचं. पट्टी भिजली, सुटली की त्याच दिवशी यायचं, घरी उघडायची नाही. डायलिसिसच्या नळीतून दुसरं कुठलंही इंजेक्शन, सलाईन कुणाला देऊ द्यायचं नाही. टोपण उघडताना सिस्टर आणि रोगी दोघींनी मास्क लावायचा. थंडी वाजली, ताप आला, नळीच्या तोंडाशी लाली किंवा पू दिसला तर गावात गोळी घेऊन थांबायचं नाही.

सून म्हणाली, "आन् हात?" मोठ्या सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "हात आमचे. पण आम्ही विसरलो तर आठवण कर." त्यांच्या तोंडून हे आल्यावर तिला धीर आला. पुढच्या खेपेला एक नवी सिस्टर टोपणाला हात घालणार, तेवढ्यात ही म्हणाली, "ताई, हात धुताय ना?" त्या मुलीच्या कपाळावर आठी आली, पण ती बेसिनकडे गेली. साबण नव्हता. आता आत्याबाईंच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, फाईल आणि साबणाची बाटली असते. खाटेवरच्या बाकीच्या लोकांसाठीही ती तिथंच ठेवतात. हे काम आपलं नाही हे आम्हालाही कळतं. तसा अर्ज आम्ही दवाखान्यात दिलाय, पोच घेतलीय.

यादीतली पाचवी गोष्ट, नळी लवकर काढणं, तीही सुनेनंच विचारली: "ही मानेतली नळी कायमची का?" तेव्हा कळलं की हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, तो तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि मग नळी लागत नाही. कुणी सांगितलं असेलही, पण त्या गडबडीत हिच्या कानावर पडलं नव्हतं. दिवाळीनंतर आत्याबाईंच्या डाव्या हाताला फिस्टुला झाला. संक्रांतीच्या आधी मानेतली नळी निघाली. हळदीकुंकवाला त्या स्वतः आल्या होत्या. डाव्या हातात बांगड्या नव्हत्या, कुणी विचारलं तर पदर सारून मनगटाजवळ बोट ठेवायला सांगत होत्या. तिथं रक्ताची घरघर लागते. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, सुई टोचायची नाही. तपासणीला गेल्यावर कुणी तो हात धरला की आत्याबाई स्वतःच तो मागं घेतात आणि म्हणतात, "हा न्हाई. दुसरा धरा."